मधाचा पत्ता

“मोहोळाचं झाड कुठी हाये, ते बायकोलेबी सांगू नको रे,” इसरूबाबा आपल्या लहानग्या दिनेशला बजावायचे. जंगलात मध काढणाऱ्यांची ती रीतच होती. बाबा गेले, तरी दिनेशचा मध अजून त्यांच्याच नावानं विकला जायचा, आणि झाडाचा पत्ता त्याला कुणी विचारत नसे.

यंदा दिनेशसारख्यांकडून मध घेणाऱ्या माधवीबाईंच्या संस्थेचा मध परदेशी निघाला. पण व्यापाराच्या बोलण्यांत तिकडच्यांनी अट घातली: मध कुठल्या जंगलातला, ते बाटलीवर छापा. नाव नाही, तर माल नाही.

आठ दिवस दिनेशला घास गोड लागला नाही. उठायचा, अंगणात फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा. शेवटी माधवीबाईच दारात आल्या.

“दिनेशभाऊ, तुमी नावच सांगून नाई राह्यले, तं लेबल कसं छापू?”

“मलेच बारा वर्षांत नाई सांगितलं ह्यायनं,” त्याची बायको ललिता हसली, “तुमाले काय सांगतीन!”

दिनेशनं मान खाली घातली.

 

“ते झाड तीन वर्षांआधीच खाणीच्या रस्त्यात तुटलं, बाई. मध मी वडशाच्या बजारातल्या दुकानातून आणून राह्यलो.”