ओट्यामागचं जंगल

"भिंतीवरच्या फोटोंबद्दल आज अवाक्षर काढायचं नाही," असा दम मी आमच्या ह्यांना सकाळीच भरला होता. ह्यांना किड्यांचे फोटो काढायचं वेड. हॉलमध्ये देवाच्या तसबिरीपेक्षा मोठं झुरळ लावलंय.

मुलाकडची मंडळी पोहे खात होती आणि हे शहाण्यासारखे तोंड मिटून बसले होते. तेवढ्यात लेकच लाडात म्हणाली, "हे सगळे फोटो बाबांनी काढलेत बरं का!"

"अगबाई, केवढ्या त्या मिशा!" मुलाची आई कौतुकाने म्हणाली. "कुठल्या जंगलात काढलेत हो?"

झालं. ह्यांची छाती फुगली. "छे, जंगल कसलं? सगळे आमच्या स्वयंपाकघरातलेच. ही मुंगी साखरेच्या डब्यातली आणि हे झुरळ ओट्यामागचं. अजून तिथेच असतं."

बाईंचा चमचा तोंडाशीच थांबला. बघता बघता मंडळी चपला घालून जिन्यात.

मी ह्यांच्यावर तोंड सोडणार, तर लेक कढईतले उरलेले पोहे वर खोबरं भुरभुरून मजेत खात होती.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी नाशिकचे येतायत. तोवर पालीची अंडी फ्रेम करून आणा."