जर्मनचा क्लास

जन्मभर जर्मनच्या पातेल्यांचे पोचे काढणाऱ्या नानांनी अडुसष्टाव्या वर्षी जर्मन भाषेचा क्लास लावला. परदेशातल्या नातवाला दुसरी भाषा कळत नव्हती आणि व्हिडिओ कॉलवर दोघं नुसते हात हलवायचे. वर्षभर घोकंपट्टी केली, पण मुलाला पत्ता लागू दिला नाही. पहिलं वाक्य नातवालाच ऐकवायचं होतं.

रविवारी कॉल लागला. नाना तोंड उघडणार, तोच मुलगा त्यांच्याकडे बघून गोड हसत नातवाला जर्मनमध्ये म्हणाला, "दोन मिनिटं हात हलव. मग नेट गेलं सांगतो, की सुटलास."

नानांनी पाठ केलेलं वाक्य गिळलं.



"काही ऐकू येत नाही रे," ते मराठीत म्हणाले, "आमच्याकडचंच नेट गेलेलं दिसतंय."