आमचं एवढ्यातच आटपलं?

"अहो, आपली फाईल बाहेर आली," ती म्हणाली. "एवढ्यातच!"

मीटिंगच्या खोलीतून शिपाई बाहेर पडला होता आणि त्याच्या काखेत तिच्या नवऱ्याचीच फाईल होती. आत जाऊन धड खुर्चीही गरम झाली नसेल. दाराला उभी काच होती, तीतून तिनं सगळं बघितलं होतं. लांब टेबलाभोवती डॉक्टर मंडळी बसलेली, भिंतीवरच्या पडद्यावर नवऱ्याच्या गळ्याचा स्कॅन. एकीनं बोटानं काहीतरी दाखवलं, दोघातिघांनी माना डोलावल्या, चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी चहाचा घोट घेतला आणि पडदा बदलला. संपलं!

"बरं झालं की," नवरा कुजबुजला. हल्ली त्याला तेवढंच जमायचं. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा माणूस, आणि शेजारी बसलेल्या बायकोला त्याचं बोलणं ऐकायला कान पुढे करावा लागत होता.

"डोंबल बरं झालं! तुमचा आवाज ठेवायचा की घालवायचा ते ठरायचंय आत. सर्जन म्हणाले ना, हमी देता येत नाही, सगळे मिळून ठरवू? हे ठरवणं झालं? भेंडी घ्यायला मी याहून जास्त वेळ लावते."

पडद्यावर आता दुसराच स्कॅन आला होता. समोरच्या बाकावरची बाई ताठ होऊन बसली, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. तो वरच्या मजल्यावर ॲडमिट होता. बाईजवळ भलामोठा थर्मास होता. मघाशी तिनं हिलाही चहा विचारला होता आणि "नको, आत्ताच झाला," असं ही धडधडीत खोटं बोलली होती. त्या बाईच्या नवऱ्याच्या फाईलची जाडी बघितल्यापासूनच हिचं बिनसलं होतं.

आणि थर्मासवालीचं काही संपेचना. डॉक्टर खुर्च्या सोडून पडद्यापाशी गेले. सर्जननी हवेत हातानं काहीतरी कापून दाखवलं, दुसऱ्यानं जोरजोरात नकार दिला. कुणीतरी फोन लावला, तर आणखी एक डॉक्टर कोटाची बटणं लावत लावत धावत आत शिरला.

"बघा, बघा! बाहेरूनसुद्धा माणूस मागवला. ओळख असणार वरपर्यंत. उगाच नाही कुणाला असा पान्हा फुटत."

"अगं, हळू," नवरा कुजबुजला.

"हळूच बोलतेय. आपण म्हणजे सावत्र. आपल्यासाठी कुणी खुर्चीवरून उठलंसुद्धा नाही." तिचा नुसता जळफळाट चालला होता. एवढे शिकलेले लोक त्या बाईच्या नवऱ्यासाठी भांडत होते. आपल्या नवऱ्यासाठी एक तरी भांडला असता!

सिस्टर बाहेर आली तशी हिनं तिला गाठलंच. "सिस्टर, आमची फाईल परत आत न्या."

"का हो मावशी?"

"का म्हणजे? त्यांचं केव्हाचं चाललंय, आणि आमचं आलं नि गेलं. आम्ही काय रस्त्यावर पडलोय?"

सिस्टर हसली आणि तिच्या शेजारी टेकली. "अहो, तुमच्यात बोलायला काही उरलंच नाही. स्कॅनच्या मॅडमनी दाखवलं, गाठ खोल गेलेली नाही. किरणांचे डॉक्टर म्हणाले, मग कापू नका, मला द्या. सर्जननी लगेच मान्य केलं. म्हणून तर सगळ्यांना एका टेबलाशी बसवतात. आवाज बहुतेक राहील काकांचा. सविस्तर सांगतीलच ते."

नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून कुजबुजला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं..."

ती रडली, हसली, पदरानं नाक पुसलं. तरी खोड जाईना. "मग त्यांचं का एवढं चाललंय?"

सिस्टर उठली. "दुसऱ्यांचं मला सांगता येत नाही. पण लवकर उरकतं ते चांगलं असतं, मावशी."

तिनं काचेतून बघितलं. आत सगळे पुन्हा बसले होते. सर्जन टेबलाकडे बघत होते. मघाचा धावत आलेला डॉक्टर कोटाची बटणं काढत होता.

दार उघडलं. चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "आत या," त्या थर्मासवालीला म्हणाल्या. "आम्ही सगळेच आहोत. बसून बोलू. बरोबर कुणी आहे?"

थर्मासवाली उभी राहिली. तिनं कॉरिडॉरभर नजर फिरवली आणि मग सरळ हिच्यापाशी आली. "तुम्ही येता का जरा? मला एकटीला काही सुधरायचं नाही."

नवऱ्यानं हिला कोपरानं ढोसलं. जा.

आत जाताच डॉक्टर सरकले, कुणीतरी दोन खुर्च्या पुढे केल्या, पाण्याचा पेला आला. मघापासून जे जे हिला हवं होतं ते सगळं समोर होतं, आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"तुम्ही यांच्या कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नात्यातलंच माणूस थांबू शकेल."

बहीण म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण बाहेर बसून या बाईबद्दल जे जे मनात येऊन गेलं होतं, त्यावर बहीण म्हणायला तिची जीभ रेटेना.

"धाकटी जाऊ," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून तिला अगदी चिकटून बसली.