आधी केळुसकर वाचा

"मॅडम, तुमचं म्हणणंच चुकीचं आहे," पहिल्या रांगेतला तरुण प्राध्यापक माइक हातात घेऊन म्हणाला. "भीती इन्सुलात तयार होते, हे केळुसकरांनी केव्हाच सिद्ध केलंय. सगळे त्यांचाच संदर्भ देतात. आधी केळुसकर वाचा."

सभागृहात हशा पिकला. माझ्यामागच्या पडद्यावर इन्सुला, मेंदूच्या घडीत दडलेला तो भाग, लाल रंगात दिसत होता.

केळुसकर म्हणजे मीच, लग्नाआधीची. आता गळ्यातल्या बॅजवर नवऱ्याचं आडनाव आहे. आणि त्या पेपरात मी लिहिलं होतं की, इन्सुलाला इजा झालेली माणसंही तितकीच घाबरतात. माझ्या गाइड सरांनी त्यांच्या पुस्तकात माझा संदर्भ दिला, तो नेमका उलटा, कारण त्यांच्या सिद्धांताला तोच सोयीचा होता. पुढच्या सगळ्यांनी सरांचं बघून उतरवलं. मूळ पेपर उघडायची तसदी एकानेही घेतली नाही.

"तुम्ही वाचलंय केळुसकरांना?" मी विचारलं.

"अहो, सरांच्या पुस्तकातच आहे की!"

सर अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. केळुसकर कोण, हे त्या सभागृहात माझ्याखेरीज फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

माझा माइक बंद करायची खूण करत ते हसून म्हणाले, "मॅडम, केळुसकरांचा पेपर मिळत नसेल तर सांगा. माझ्याकडे प्रत आहे."