बाईंची खोली

पी.टी. मास्तरांनी खोलीत शिरताच सवयीने टाइप केलं, ‘मार.’

स्क्रीनवर उत्तर उमटलं, ‘कोणाला? इथे तर मीच आहे.’

मास्तर चपापले. रिटायर झाल्यापासून ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळात, अक्षरांच्या जगात तलवार गाजवत होते. चित्र नाही, आवाज नाही, नुसती वाक्यं. त्या जुन्या जगातले राक्षस, दारं, खजिने कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले. मास्तरांनी एका शब्दाचा हुकूम सोडायचा आणि जगाने तो निमूट पाळायचा. शाळेच्या मैदानावर तरी त्यांचं वेगळं काय चालायचं!

या नव्या जगात मात्र जो येईल त्याने आपली खोली आपणच बांधायची, आणि खोलीने कोणत्या शब्दाला काय उत्तर द्यायचं तेही आपणच लिहायचं. ही खोली त्यांच्या बायकोची होती. बाई घरातच, भिंतीपलीकडे बसल्या होत्या आणि नऊ दिवस नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पाहुण्यांसमोर मास्तर हसत म्हणाले होते, “हिला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं!” तेव्हापासून घर त्यांना खायला उठलं होतं. निदान इथे तरी बोलेल, म्हणून ते आले होते.

‘उचल,’ त्यांनी टाइप केलं.

‘आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचला.’

‘पळ.’

‘गुडघे सांभाळून.’

‘शोध.’

‘चष्मा डोक्यावर आहे.’

मास्तरांनी डोक्याला हात लावला. होता. बायको त्यांना पुरती कोळून प्यायली होती. त्यांच्या तोंडून निघेल असा एकेक हुकूम तिने आधीच ओळखून ठेवला होता.

मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी टाइप केलं, ‘चुकलो.’

‘हा शब्द या खोलीला माहीत नाही.’

त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर. मास्तरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“अगं, चुकलो म्हणतोय मी!” ते भिंतीकडे बघून ओरडले. “तुझी खोली ऐकतच नाही!”

पलीकडे खुर्ची करकरली. नऊ दिवसांनी बाईंचा आवाज आला.

“थांबा जरा. तो शब्द कधी लागेल असं वाटलंच नव्हतं. आत्ता लिहिते.”