करडी अक्षरं

सातवीचा वर्ग निबंध टाइप करत होता आणि मृणालिनीबाईंच्या टेबलावरच्या स्क्रीनवर एकेका मुलाचं पान उघडत होतं. पानाच्या कडेला, करड्या अक्षरांत, मुलांनी लिहून खोडलेलंही दिसायचं. मुलांना याची कल्पना नव्हती. तेजलला मात्र आता होती.

मागच्या निबंधात तिनं लिहिलं होतं, 'आमचं घर हवेशीर आहे.' कडेला करड्या अक्षरांत होतं, 'बाबा ओरडायला लागले की आई मला गॅलरीत पाठवते.' बाईंनी ते दोनदा वाचलं होतं. पालकसभेत त्यांना राहवलं नाही. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी तेजलच्या आईला हळूच विचारलं. "नाही, तेजलनं लिहून खोडलं होतं, म्हणून..."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या बाकावरून वडील उठून आले आणि हसतच म्हणाले, "काय खोडलं हो आमच्या पोरीनं?"

बाईंनी काहीतरी सारवासारव केली. त्यानंतर तेजल आठवडाभर शाळेत आली नाही.

आज आली होती. खाली मान घालून टाइप करत होती. बाईंनी भीत भीत तिचं पान उघडलं. 'दिवाळीत आमच्या घरी सगळे खूप आनंदात असतात.' एकही चूक नव्हती. कडेची पट्टी कोरी होती. बाईंना हायसं वाटायला हवं होतं.

तेवढ्यात त्या पट्टीत एक ओळ उमटली.

'बाई, मी ते खोडलं होतं ना?'