पद्माताईंना सगळं कळतं

"झालं, आई! आता एकही जाहिरात तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही," म्हणत स्वानंदीनं माउस सोडला, आणि पद्माताईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

स्वानंदी म्हणजे नवी सून. गणपती झाल्यावर नवरा पुष्कर पुण्याला परत गेला, पण ही हौसेनं सांगलीत मागं राहिली. सासूनं कॉम्प्युटरवर एखादी पाककृती उघडली, की चारी बाजूंनी जाहिराती उड्या मारत यायच्या, ते तिला बघवेना. तिनं ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर बसवला. पान कसं सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ झालं.

"छान झालं हो," पद्माताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? खरं सांगायची सोयच नव्हती.

खरं असं, की पद्माताई सांगलीच्या अख्ख्या विश्रामबाग भागात मनकवड्या म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि त्यांची सगळी विद्या त्या जाहिरातींत होती. घरात कॉम्प्युटर एकच. सकाळी त्यावर त्यांचे यजमान मधुकरराव बसायचे, दुपारी पद्माताई. सकाळी कुणी काही शोधलं, की त्याची जाहिरात दुपारी हजर! एकदा गुडघ्याला बांधायचे पट्टे नाचायला लागले. संध्याकाळी पद्माताईंनी नवऱ्यापुढं पट्टा आणून ठेवला. एकदा केसांचा कलप आला. त्यांनी कलपाची बाटली गुपचूप दाढीच्या सामानात सरकवली. पुष्कर लग्नाआधी दिवाळीला घरी आला होता, तेव्हा तर जिकडंतिकडं बायकांच्या कानातले डूलच डूल. "मुलगी कोण आहे रे?" असं त्यांनी पोळी वाढता वाढता विचारलं, तेव्हा पोराला ठसका लागला. ती मुलगी म्हणजे हीच स्वानंदी. लग्नात ती मैत्रिणींना कौतुकानं सांगत होती, "माझ्या सासूबाईंना न सांगता सगळं कळतं." आता अशा सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाई गं, तू माझा तिसरा डोळाच फोडलास?

आणि ही विद्या नसती, तर या घरात पद्माताईंचा निभाव लागला नसता. मधुकरराव म्हणजे घुम्यांचा राजा. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात केली. पाणी अडवता अडवता तोंडातला शब्दसुद्धा अडवायची सवय लागली. आमटीत मीठ कमी पडलं, तरी बोलायचे नाहीत. आमटीकडं नुसते बघत बसायचे.

तेच मधुकरराव आता विचित्र वागायला लागले. सकाळी कॉम्प्युटरवरून उठायचे आणि बायकोकडं बघायचे. दुपारी ती त्याच खुर्चीवरून उठली, की पुन्हा बघायचे. मग एक लांब सुस्कारा. जेवण अर्ध्यावर आलं. पेपर आदळायला लागले.

"आई, बाबांना काय झालंय हो?" स्वानंदीनं विचारलं. "तुम्हाला कळलं असेलच म्हणा."

"कळलंय की. दाढ दुखतेय," पद्माताईंनी ठोकून दिलं.

मग काय, सकाळ-संध्याकाळ मऊ खिचडी! मधुकररावांनी ताटाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि मुकाट्यानं खिचडी गिळली. सुस्कारा मात्र दुप्पट लांब झाला. दाढ नसेल, पोट असेल, म्हणून पद्माताईंनी ओव्याचा काढा केला. तोही ते प्याले, आणि पेला असा आपटला, की व्हरांड्यातलं मांजर पळालं. इकडं सून कौतुकानं बघतेय, तिकडं नवरा रोज थोडा थोडा फुगतोय. पद्माताईंचं कशात लक्ष लागेना. हा माणूस आजवर रुसला नव्हता असं नाही. पण का रुसला ते कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. काही दुखणंबिखणं तर लपवत नसतील? पोळी लाटता लाटता हा विचार आला, आणि त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

गेली ती अब्रू खड्ड्यात, म्हणाल्या मनाशी. पिठाच्या हातांनीच त्या बाहेर आल्या. मधुकरराव पेपरमागं बसले होते, स्वानंदी चहा घेत होती.

"अहो, मला भीती वाटायला लागलीय," पद्माताई म्हणाल्या. "तुमच्या मनातलं मला काही कळत नाही. आजवरही कधी कळलं नाही. तुम्ही त्या कॉम्प्युटरवर काय काय बघता, त्याच्या जाहिराती मला दिसायच्या, त्यावरनं मी ओळखत होते. आता या पोरीनं त्या बंद केल्यात. हात जोडते, एकदा तोंडानं सांगा. काय होतंय तुम्हाला?"

स्वानंदीचा कप ओठाशीच राहिला. पद्माताईंना वाटलं, आता ही हसणार, आणि पुण्यापर्यंत सगळ्यांना सांगणार. पण त्यांचं सगळं लक्ष पेपरकडं होतं.

पेपर हळूहळू खाली आला. मधुकररावांचे कान लाल झाले होते. त्यांनी सुनेकडं चोरून पाहिलं, घसा खाकरला, आणि त्यांच्या सबंध संसारातलं सगळ्यांत लांब भाषण केलं.

"जाहिरातींवरनं ओळखतेस, ते मला पहिल्यापासनं ठाऊक आहे. म्हणून तर सोमवारपासनं रोज सकाळी साताऱ्यातली हॉटेलं शोधतोय, दोघांसाठी! कासच्या पठारावरची फुलं संपत आली, आणि तुझं आपलं उत्तरच नाही!"